दोन किल्ल्यांचं कुलूप

दुसरबीड
१२ जून २०२४

वाहेदभाई यांस सप्रेम जय भीम.

तुम्ही सुखरूप नांदुऱ्याला पोचलात हे जाकीरच्या फोनवरून कळलं. त्याच फोनवर मागून तुमच्या सूनबाई कौसर विचारत होत्या की अब्बांना रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, आता ते आणि दयारामचाचा कोणत्या किल्लीचं बोलतात. तुम्हाला नीट सांगता आलेलं दिसत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. हे पत्र त्यांना वाचून दाखवा, म्हणजे दोन म्हाताऱ्यांनी कुठं काही दडवून ठेवलंय असा संशय राहणार नाही.

तर झालं असं. एप्रिलमध्ये मला एका माणसाचा फोन आला. बोलायला फार गोड. म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, मी सांगतो तसं करा, इथूनच दुरुस्त करतो. त्यानं सांगितलं तिथं दाबलं तर पडदा अंधारला आणि मधे एक चौकट आली. या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? होय की नाही? मी होय दाबलं. समोरचा अदबीनं विचारतो आणि आपण नाही म्हणायचं, हे मला जन्मात जमलेलं नाही. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. मी हात वर करून बसलो. तानाबाई स्वयंपाकघरातून आली, तिनं एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीतली पिनच उपटली. विहाराच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी, दोन वर्षं एका बोटानं टाइप केलेली, त्यातच होती. ती वाचली ती तानाबाईमुळे.

मग आमची लेक मयुरी नागपूरहून आली. तिच्या कंपनीत तिचं कामच हे आहे. तिनं कॉम्प्युटरचा वापर आणि मालकी वेगळी करून टाकली. रोजचं टायपिंग मी करायचं. नवा प्रोग्राम टाकायचा म्हटलं की ती चौकट येणार आणि मालकाचा पासवर्ड मागणार. त्या मालकाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. तो पासवर्ड मला द्यायला पोरगी तयार नव्हती. म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांनाच हो म्हणता." माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर. लागलं मला ते, खोटं कशाला सांगू.

तेव्हा मला आपल्या कचेरीतली खजिन्याची खोली आठवली. मी मयुरीला सांगितलं, आम्ही दोघांनी बावीस वर्षं एका दाराची दोन कुलपं सांभाळली. आत स्टँपपेपर, मार्च आला की दहावी-बारावीच्या पेपरांचे सीलबंद गठ्ठे. एक किल्ली माझी, एक वाहेदभाईची. एकट्यानं दार उघडायचं नाही आणि दुसऱ्याची किल्ली हातात घ्यायची नाही. तसाच या पासवर्डाचा अर्धा तुकडा माझ्याकडे राहू दे, अर्धा त्यांच्याकडे. तिला हसू आलं, पण पटलं. म्हणून मे महिन्यात तुम्हाला बोलावलं. मी भिंतीकडे तोंड केलं, तुम्ही तुमची सात अक्षरं टाइप केलीत. मग तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मयुरीनं तिचं एक वेगळं खातं ठेवलंय, डुप्लिकेट किल्ली जिल्ह्याला सीलबंद असायची तसं. आणि तिची सक्त ताकीद आहे की पासवर्ड फोनवर कोणालाच सांगायचा नाही, अगदी माझा आवाज ऐकू आला तरी. म्हणून ही पत्रं.

आता पहिलं काम. प्रिंटर आणलाय, त्याचा प्रोग्राम टाकायचा आहे. तुमचा अर्धा भाग पाठवा.

तुमचा
दयाराम

*

नांदुरा
२१ जून २०२४

दयारामभाऊ, आदाब.

पत्र कौसरले वाचून दाखवलं. हासू हासू तिले ठसका लागला. म्हणते, अब्बा, त्या चौकटीले एवढी इज्जत कोनी देली नसन. मी म्हटलं, पोरी, ते चौकट निदान इचारते तरी. आमच्या कचेरीत कोनता साहेब इचारून काम करत होता?

बाकी खैरियत. जाकीरचं दुकान चालू हाय, मी दुपारी गल्ल्यावर बसतो अन् डुलक्या घेतो. इथं कोनी माह्याशी कचेरीचं बोलत नाही. तुमचं पत्र आलं तवा पोस्टमनसमोरच म्हटलं, माह्या खात्याचं काम आलं.

किल्ली मागच्या बाजूले लिहिली हाय, पत्त्याच्या वर. इकडं जागा पुरली नाही. लावा अन् जाळून टाका.

वाहेद

*

दुसरबीड
२८ जून २०२४

वाहेदभाई,

काय म्हणावं तुम्हाला. उघड्या पोस्टकार्डावर? पत्त्याच्या वर? पोस्टमन मला कार्ड देताना म्हणाला, काका, हा गाडीचा नंबर आहे का. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार. बावीस वर्षांत तुम्ही किल्ली टेबलावरसुद्धा ठेवली नाहीत, पट्ट्याला साखळीनं बांधून ठेवायचात, जेवायला बसलात तरी. आणि आता ही तऱ्हा. पुढच्या वेळी बंद पाकीट, आणि वरून डिंक.

असो. किल्ली लागली, कुलूप उघडलं. प्रिंटरमधून पहिलं पान निघालं तेव्हा तानाबाईनं ते हातात धरून फुंकर घातली, गरम होतं म्हणून. तुमचं कार्ड मी बंबात जाळलं. खरं सांगायचं तर सातही अक्षरं माझ्या डोक्यात बसली आहेत. पण मी ती मला येत नाहीत असंच धरून चालतो. तुमची किल्ली ती तुमची.

एक वही घातली आहे. चौकट आली की नोंद करायची. तारीख, कोण विचारतंय, काय करू म्हणतोय, निर्णय. मयुरीचा नियम असा की आपण काही दाबलेलं नसताना चौकट आली तर विचार न करता नाही. आत्तापर्यंत माझे अकरा नाही आणि एक होय झाले. नाही म्हणायला शिकतोय वाहेदभाई, सत्तरीला आल्यावर.

दयाराम

*

दुसरबीड
२० ऑगस्ट २०२४

वाहेदभाई,

पावणेदोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. पोस्टकार्डावरून मी जरा जास्तच बोललो का? कौसरनं फोनवर तुमची तब्येत बरी आहे असं सांगितलं, पण तुम्ही फोनवर आला नाहीत.

यादीसाठी मराठी टायपिंगचा नवा प्रोग्राम टाकायचा आहे. किल्ली हवी. सवडीनं पाठवा.

दयाराम

*

नांदुरा
१४ सप्टेंबर २०२४

दयारामभाऊ,

मी काऊन रागावू? पोस्टाचाच घोळ दिसते. पत्र मी धाडलं होतं, पोचलं नसन.

किल्ली आत वेगळ्या कागदावर. डिंक लावला हाय, पाहून घ्या.

गर्मी लय होऊन राह्यली. ज्यादा लिहित नाही.

वाहेद

*

दुसरबीड
२२ सप्टेंबर २०२४

वाहेदभाई,

किल्ली लागली नाही. तीनदा लावली. तिसऱ्यांदा चष्मा पुसून लावली. नंतर ध्यानात आलं, तुम्ही पाठवलेला आकडा तर आपल्या खजिन्याच्या खोलीच्या जुन्या पितळी कुलपावर ठोकलेला होता. माझी गंमत करताय का? पोस्टकार्डाचा सूड म्हणून? तसं असेल तर मी हरलो, जय भीम.

बरोबर अक्षरं माझ्या बोटांच्या टोकाशी होती. लावली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. लावली नाहीत. त्या वर्षीचा मार्च तुम्हाला आठवत असेल, बारावीचे गठ्ठे काढायचे होते आणि मला एकशे तीन ताप. मी बिछान्यातून माझी किल्ली तुमच्यापुढं केली, घेऊन जा म्हटलं. तुम्ही हात मागं घेतलात. मला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलंत, कुलपापाशी उभं केलंत. किल्ली मीच फिरवली, तुम्ही फक्त मी पडू नये म्हणून मागून धरलं होतंत. असं वागलेल्या माणसाची किल्ली मी त्याच्या माघारी कशी फिरवू?

खरी पाठवा.

दयाराम

*

नांदुरा
३ ऑक्टोबर २०२४

दयाराम,

किल्ली बरोबर हाय. मी बावीस वर्षं किल्ली सांभाळली, मले शिकवू नका. तुमचं कुलूपच बिघडलं असन. तुमच्या पोरीले इचारा.

आता मले पत्र पाठवू नका.

वाहेद

*

नांदुरा
१५ ऑक्टोबर २०२४

दयारामचाचा,

सलाम. मी कौसर. हे पत्र अब्बांना न सांगता लिहिते आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते.

अब्बा तुमच्यावर रागावलेले नाहीत. चाचा, ते विसरायला लागलेत. जुलैपासून जास्त झालं. आधी आम्हाला वाटलं वयाचं असेल. मग एक दिवस दुकानातून घरी यायला निघाले ते स्टेशनवर जाऊन बसले. जाकीरना सापडले तेव्हा बाकावर होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, पेपरांचे गठ्ठे उतरले का. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं. हा विसरण्याचाच आजार आहे म्हणाले, वाढतच जाणार. अब्बांनी मला त्या दिवशी कसम घातली की दयारामला कळता कामा नये.

तुमचं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हापासून ते सकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसायचे. अक्षरं लिहायचे, मोजायचे, खोडायचे. कधी सहा होत, कधी नऊ. मी चहा घेऊन गेले की हातानं कागद झाकायचे. तुमचं दुसरं पत्र, तापाच्या आठवणीचं, ते वाचून रडले. मला म्हणाले, "बेटी, दयारामनं मले एकच चीज सांभाळाले देली होती." नंतर तुम्हाला ते रागाचं पत्र लिहिलं आणि मलाच पोस्टात टाकायला दिलं. मी टाकलं. टाकायला नको होतं.

माझी एक विनंती आहे. तुम्ही त्यांना एवढंच लिहा की कुलपाचं काम संपलं, आता किल्ली लागत नाही. म्हणजे त्यांच्या जिवाची तगमग थांबेल.

तुमची मुलगी
कौसर

*

दुसरबीड
८ नोव्हेंबर २०२४

चि. कौसर हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कॉम्प्युटर लावला नाही. मी त्यांना गंमत करता का म्हणून विचारलं, हे मला फार टोचतंय. बावीस वर्षं शेजारी बसलो आणि मला कळलं नाही. वाहेदभाई रागावतात तेव्हा बोलत नाहीत, लिहीत तर मुळीच नाहीत. ते पत्र पाहूनच समजायला हवं होतं.

तू म्हणतेस तसं लिहायला मी बसलो होतो. काम संपलं, किल्ली लागत नाही. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. बेटा, ते रिटायर झाले त्या दिवशी चार्ज देताना साखळीतून किल्ली सुटेना. सगळे हसले, मीही हसलो. साहेबांनी ती किल्ली घेतली, ते बरोबरच होतं, नियम आहे. पण आता ती परत मी काढून घ्यायची, हे माझ्याच्यानं होणार नाही.

तानाबाई म्हणाली, लिहून टाका उघडलं म्हणून, त्यांना काय समजतंय. आणि खरंच ती सात अक्षरं मला येतात. मी ती लावू शकलो असतो आणि तुमची किल्ली लागली असं कळवू शकलो असतो. पण मी नोकरीत एक खोटी नोंद केली नाही, आणि वाहेदभाईंशी करायची तर मग मी कोण राहिलो?

दिवाळीच्या सुट्टीत मयुरी आली. तिला मी तुझं पत्र दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडून जी किल्ली येईल तिला लागेल असं कुलूप करू की आपण." तिनं तिच्या डुप्लिकेट किल्लीनं उघडलं, सप्टेंबरच्या कागदावरचा तो जुन्या कुलपाचा आकडा काढला आणि वाहेदभाईचा भाग म्हणून तोच बसवला. मग मला खुर्चीवर बसवलं. मी टायपिंगचा प्रोग्राम टाकायला घेतला, चौकट आली, मी माझा अर्धा भाग टाकला, त्यापुढं त्यांचा आकडा. उघडलं. वहीत नोंद केली: वाहेदभाईंच्या किल्लीनं उघडलं. तारीख घातली, सही केली. त्यात एक अक्षर खोटं नाही. कुलूप बदलायचं कसं तेही मयुरीनं मला शिकवलंय, आता पुढच्या वेळी मीच करीन.

तेव्हा तू एवढंच कर. मी अधूनमधून काहीतरी काम काढून किल्ली मागत जाईन. ते जे लिहितील ते पाकिटात घाल आणि पाठव. सहा अक्षरं असोत की नऊ. चुकलं म्हणू नकोस, सुधारू नकोस, कारण ते चुकलेलं नसणारच. आणि कधी लिहावंसं वाटलं नाही तर राहू दे. माझं काम थांबेल, थांबू दे.

सोबतचं पत्र त्यांना दे. त्यात एवढंच लिहिलंय की तुमचं बरोबर होतं, कुलूपच बिघडलं होतं, मयुरीनं दुरुस्त केलं, मी माफी मागतो.

तुझा
दयारामचाचा

*

नांदुरा
१२ जानेवारी २०२५

दयारामभाऊ,

कौसर म्हणते तुमच्या कामाले माह्याकडून एक ओळ लागते, तिच्याबिगर तुमचं काम अडून राह्यते. कोनतं काम तेही तिनं सांगतलं, आता ध्यानात नाही. म्हणते, मनात येईन ते लिहा, चाचा लावून घेतीन. मी म्हटलं, किल्ली असी कसी असन? ते म्हणते असते.

तर लिहितो.

गठ्ठे मोजून झाले असतीन तर घरी जा, तानाबाई वाट पाहून राह्यली असन.

वाहेद

*

दुसरबीड
२० जानेवारी २०२५

वाहेदभाई यांस सप्रेम जय भीम.

तुमची किल्ली पोचली. काल दुपारी लावली. कुलूप उघडलं.

तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, नुसतं उघडलं म्हटलेलं तुम्हाला पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. किल्ली लांब होती. इंग्रजी अक्षरांत, मधल्या जागा आणि स्वल्पविराम धरून, पन्नासच्या वर खुणा झाल्या. मयुरीला नुसती लांबी सांगितली तर म्हणाली, बाबा, आमच्या अख्ख्या कंपनीत एवढा लांब पासवर्ड कोणाचा नसेल. मी एका बोटानं टाइप करतो हे तुम्हाला माहीत आहे. पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, नुसते काळे ठिपके उमटतात, म्हणून कुठवर आलो ते कळावं यासाठी मी तोंडानं बोलत बोलत दाबत होतो. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा "तानाबाई वाट पाहून राह्यली असन" इथवर आलो तेव्हा ती आतून म्हणाली, मी इथंच आहे, कुठं वाट पाहते? मी तिला सांगितलं, वाहेदभाई विचारताहेत. ती बाहेर आली आणि शेवटचं बटण दाबेपर्यंत माझ्या खुर्चीमागं उभी राहिली.

पुस्तकांची यादी छापून झाली. एक हजार एकशे सदतीस पुस्तकं. रविवारी विहारात लावणार आहोत. पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, यादीचं काम दयाराम आणि वाहेद यांनी केलं. लोक विचारतील वाहेद कोण. मी सांगीन.

गठ्ठ्यांची काळजी करू नका. मोजले, सील तपासली, सगळे जागच्या जागी आहेत. मी घरी आलो आहे. तुम्हीही घरीच आहात, जाकीर आणि कौसर जवळ आहेत, चहा झाला असेल तर जरा आडवे व्हा. पुढच्या महिन्यात मी स्वतः नांदुऱ्याला येतो, तेव्हा मला ओळखलं नाहीत तरी चालेल. मी माझं नाव सांगून शेजारी बसेन.

एकच गोष्ट सांगायची राहिली. तुमच्याशिवाय हे दार उघडत नाही, वाहेदभाई. हे लक्षात असू द्या. आणि लक्षात राहिलं नाही, तरीही ते खरंच आहे.

तुमचा
दयाराम